ड्रॉवर अडकतोय? आधी सांगाडा तपासा, मग ड्रॉवरला हात लावा

घरी जोडलेल्या कपाटाचा किंवा टेबलाचा ड्रॉवर अडकायला लागला की हात आपसूक दोन गोष्टींकडे जातो: तेलाची बाटली आणि काचपेपर. दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. सुट्या फळ्यांच्या खोक्यातून आलेल्या फर्निचरमध्ये दोष बहुतेकदा ड्रॉवरच्या बाहेर असतो, म्हणजे तो ज्या सांगाड्यात बसतो त्यात. सुतार जागेवर कपाट बनवतो तेव्हा ड्रॉवर त्या जागेच्या मापाने घासून, बघून, पुन्हा घासून बसवतो. इथे तसं नसतं. सगळ्या फळ्या कारखान्यात अचूक कापलेल्या असतात, भोकं आधीच पाडलेली असतात आणि ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंना मोजकीच मोकळीक सोडलेली असते. सांगाडा गुण्यात, म्हणजे सगळे कोपरे काटकोनात, उभा राहिला तरच हे सगळं जुळतं, आणि तो गुण्यात आणायचं काम आपल्यावर सोडलेलं असतं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: जमीन, सांगाडा, चॅनल (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या बाजूच्या पट्ट्या), ड्रॉवर आणि अगदी शेवटी घासणं. हा क्रम उलटा केला तर चांगली फळी घासली जाते आणि दोष तिथेच राहतो.

सुरुवात करण्याआधी

लागणाऱ्या वस्तू फार नाहीत. हाताने चालवायचा चौफुली स्क्रूड्रायव्हर, टेप, पाणसळ (मोबाईलमधली चालेल, पण छोटी का होईना खरी पाणसळ बरी), टॉर्च, खडू, लाकडाचा पांढरा गोंद आणि हातोडी. विजेवरचा स्क्रूड्रायव्हर या कामात नको. पार्टिकल बोर्डमधला, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीतला, स्क्रू त्याने क्षणात फिरका होतो, म्हणजे पकड सोडून नुसताच फिरतो.

ड्रॉवरचं कपाट तपासताना एका वेळी एकच ड्रॉवर उघडा. दोन-तीन भरलेले ड्रॉवर एकदम बाहेर आले की वजन पुढे येतं आणि उंच कपाट अंगावर कोसळू शकतं. कपाट भिंतीला अडकवलेलं नसेल तर काम झाल्यावर ते अडकवूनच टाका. घरात लहान मूल असेल तर हे टाळू नका, मुलं उघड्या ड्रॉवरवर पाय देऊन चढतात.

आणखी एक गोष्ट आधीच पाहून घ्या. काही कपाटांत एक ड्रॉवर उघडा असताना दुसरा उघडू नये अशी मुद्दाम सोय केलेली असते. फायली ठेवायच्या कपाटांत ती बहुधा असते. वरचा ड्रॉवर बोटभर उघडा राहिला म्हणून खालचा हलत नसेल, तर तो बिघाड नाही. सगळे ड्रॉवर पूर्ण बंद करून पुन्हा ओढून बघा.

नेमका कुठे अडकतो

ड्रॉवर रिकामा करा आणि हळूहळू, अगदी सावकाश, आत-बाहेर करा. एकदा दर्शनी फळीच्या मधोमध धरून, एकदा फक्त डाव्या कोपऱ्याला आणि एकदा फक्त उजव्या कोपऱ्याला धरून.

रिकामा झाल्यावर सुरळीत चालला, तर प्रश्न वजनाचा आहे किंवा तळ झोल खाऊन खालच्या ड्रॉवरला टेकतो आहे. शेवटच्या काही सेंटिमीटरला अडत असेल तर मागे काहीतरी पडलेलं असू शकतं, किंवा सांगाडा मागच्या बाजूला अरुंद झालेला असतो. संपूर्ण लांबीभर सारखाच जड जात असेल तर दोन चॅनलमधलं अंतर कमी आहे. एकाच ठिकाणी टक्क करून थांबत असेल तर तिथे स्क्रूचं डोकं वर आलेलं आहे. एका कोपऱ्याने सहज आणि दुसऱ्याने अजिबात नाही, असं असेल तर एक चॅनल दुसऱ्याच्या वर-खाली किंवा पुढे-मागे बसला आहे.

खूप रुंद आणि कमी खोल ड्रॉवर एका बाजूने ओढला की तिरका होऊन अडकतोच, कारण बाजूची थोडीशी मोकळीकही त्याला आडवं फिरायला पुरते. अशा ड्रॉवरला दोन मुठी असतील तर दोन्ही धरून ओढा. एकच मूठ असेल आणि ती मधोमध नसेल तर तिची जागा बदलणं हाच उपाय.

घासण्याची खूण शोधायला टॉर्च आडवी धरा. जिथे घासतं तिथे लॅमिनेटवर चकाकती रेघ दिसते आणि तिच्या खाली भुशाची बारीक पूड साचलेली असते. खूण सापडत नसेल तर संशयित कडेवर खडू चोळा, ड्रॉवर दोन-तीनदा आत-बाहेर करा आणि खडू कुठे पुसला गेला ते पाहा.

ड्रॉवर बाहेर काढणं

हे चॅनलच्या प्रकारावर अवलंबून आहे. पांढऱ्या किंवा तपकिरी रंगाची पत्र्याची पट्टी आणि तिला प्लॅस्टिकचं चाक असेल, तर ड्रॉवर थांबेपर्यंत ओढा, पुढचा भाग वर उचला आणि बाहेर घ्या. एकात एक सरकणारा, छर्रे असलेला टेलिस्कोपिक चॅनल असेल तर ड्रॉवर पूर्ण ओढल्यावर दोन्ही बाजूंना काळी प्लॅस्टिकची जीभ दिसते. एका बाजूची वर आणि दुसऱ्या बाजूची खाली, अशा दोन्ही एकाच वेळी दाबायच्या असतात. दोन्ही एकाच दिशेला दाबत राहिल्यामुळे बरेच जण इथे अडतात. चॅनल ड्रॉवरच्या तळाखाली लपलेले असतील तर पुढच्या दोन कोपऱ्यांत खाली हात घाला. तिथल्या प्लॅस्टिकच्या पकडी दाबल्या की ड्रॉवर वर उचलून निघतो.

ड्रॉवर निघतच नसेल तर वरचा किंवा खालचा ड्रॉवर काढा आणि त्या जागेतून स्टीलची पातळ पट्टी घालून अडकलेली वस्तू सरकवा. जोर लावून हिसके देऊ नका. दर्शनी फळी बाजूच्या फळ्यांपासून उपटून हातात येते, मग काम दुप्पट होतं.

सांगाडा: इथे वेळ द्या

पहिली तपासणी जमिनीची. पाणसळ कपाटाच्या माथ्यावर आधी डावीकडून उजवीकडे, मग पुढून मागे ठेवा. त्यानंतर कपाटाचे कोपरे एकेक करून दाबा. कपाट डुलत असेल तर एक पाय हवेत आहे आणि सांगाडा पिळला गेला आहे. पिळलेल्या सांगाड्यात डावा आणि उजवा चॅनल एका पातळीत राहत नाहीत. ड्रॉवर तीन टोकांवर टेकतो आणि चौथं उचललेलं राहतं. उपाय अगदी साधा: पायाचा स्क्रू फिरवून उंची जुळवा किंवा त्या पायाखाली पातळ पाचर सरकवा. नवीन जागी हलवल्यानंतर अडकू लागलेले ड्रॉवर पुष्कळदा एवढ्यानेच सुटतात.

दुसरी तपासणी कर्णांची, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. समोरून वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत टेप लावा, मग उलट कर्ण मोजा. दोन्ही मापं सारखी आली तर सांगाडा गुण्यात आहे. एखाद-दोन मिलिमीटरचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही. 600 मिमी रुंद आणि 800 मिमी उंच कपाटाचे कर्ण 1000 मिमी भरायला हवेत. माथा फक्त 5 मिमी बाजूला झुकला तर एक कर्ण 1003 आणि दुसरा 997 भरतो. 5 मिमी डोळ्याला दिसतही नाहीत. पण 150 मिमी उंचीच्या ड्रॉवरच्या वरच्या आणि खालच्या कडेत त्यामुळे जवळजवळ 1 मिमी तफावत पडते, आणि टेलिस्कोपिक चॅनल सहन करतो ती चूक साधारण तेवढीच असते. सगळी मोकळीक तिथेच संपते. कर्ण चुकले असतील तर चॅनलला कितीही तेल घाला, फरक पडणार नाही.

सांगाडा गुण्यात धरून ठेवण्याचं काम मागची पातळ फळी करते. ती जेमतेम 3 मिमी जाड असते म्हणून तिला कुणी महत्त्व देत नाही, चार खिळे मारून मोकळे होतात. प्रत्यक्षात संपूर्ण कपाटाला झुकण्यापासून तीच वाचवते. दुरुस्ती अशी करा:

1. सगळे ड्रॉवर काढा. जमिनीवर जाड चादर अंथरून कपाट तोंडावर पालथं करा. यासाठी दोन माणसं हवीत.

2. मागच्या फळीचे खिळे चपट्या स्क्रूड्रायव्हरने हलकेच उचकटून काढा. फळी तुटली नाही तर तीच परत वापरता येते.

3. सांगाड्याच्या जोडांतले गोल फिरते लॉक, म्हणजे मिनिफिक्स, किंचित सैल करा. पूर्ण उघडू नका.

4. जो कर्ण लांब भरतो त्याच्या दोन टोकांवरून आतल्या दिशेने दाबा. थोडं दाबा, मोजा, परत दाबा. कर्ण जुळले की मिनिफिक्स आवळा. आवळताना लॉक साधारण अर्धा फेरा फिरून घट्ट होतं. ते नुसतंच फिरत राहिलं तर आतला खिळ्यासारखा बोल्ट पूर्ण बसलेला नाही, किंवा लॉकवरचा बाण सुरुवातीला बोल्टच्या दिशेने नव्हता. लॉक काढून, बाण जोडाच्या कडेकडे वळवून पुन्हा घाला. घट्ट झाल्यावर आणखी जोर लावू नका, त्याचा कान तुटतो.

5. मागची फळी परत ठेवताना तिच्या दोन लागून असलेल्या कडा सांगाड्याच्या दोन कडांशी तंतोतंत लावा. कारखान्यात कापलेली फळी काटकोनात असते, त्यामुळे तीच तुमचा गुण्या. आधी कोपरे ठोका, कर्ण पुन्हा मोजा, मग कडेने दर 10 ते 15 सेंटिमीटरवर एक खिळा. जुन्या भोकांत नको, बाजूला.

मागची फळी खाचेत सरकवायची असेल तर ती चारही बाजूंनी खाचेच्या तळाशी पोचली आहे का बघा. ती सैल असेल तर आतल्या कोपऱ्यांत, ड्रॉवरच्या वाटेत येणार नाहीत अशा जागी, छोटे एल आकाराचे पत्रे लावा. फळी 16 मिमीची असेल तर स्क्रू 12 मिमीपेक्षा लांब नको, नाहीतर टोक बाहेर डोकावतं.

तिसरी तपासणी आतल्या रुंदीची. ड्रॉवर बसतो त्या पोकळीची रुंदी पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन ठिकाणी मोजा. बाजूला लागणाऱ्या नेहमीच्या टेलिस्कोपिक चॅनलला प्रत्येक बाजूला 12.7 मिमी जागा लागते, म्हणजे दोन्ही मिळून 25.4. ड्रॉवर बाहेरून 550 मिमी असेल तर आतली पोकळी 575.4 मिमी हवी. पुढे 575 आणि मागे 573 भरत असेल, तर ड्रॉवर आत जाता जाता आवळत जाणार हे उघड आहे. अशा वेळी बहुधा मागची आडवी पट्टी बसवताना लाकडी खुंट्या पूर्ण आत गेलेल्या नसतात किंवा बाजूची फळी आत वाकलेली असते. पोकळी जास्त रुंद असेल तर ते सोपं: चॅनलमागे स्क्रूच्या जागी पातळ पुठ्ठा किंवा वॉशर घाला. अरुंद असेल तर आधी ड्रॉवर मोजा. ड्रॉवरचे जोड अर्धा-अर्धा मिलिमीटर उघडे राहिले तरी तो 1 मिमीने रुंद होतो, आणि दोष मग तिथे असतो.

चॅनल

चाकाच्या चॅनलचे चार तुकडे असतात आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पत्र्यावर बहुतेकदा बारीक अक्षरं ठोकलेली असतात: सीएल आणि सीआर म्हणजे कपाटाचा डावा-उजवा, डीएल आणि डीआर म्हणजे ड्रॉवरचा डावा-उजवा. कपाटावरच्या तुकड्याचं चाक पुढे येतं, ड्रॉवरवरच्या तुकड्याचं मागे. एका बाजूच्या पत्र्याची घडी चाकाला दोन्हीकडून धरून ठेवते आणि दुसऱ्या बाजूचा पत्रा चाकाला जरा सरकू देतो, म्हणजे लहानसहान चूक पोटात घेतली जाते. तुकड्यांची अदलाबदल झाली की ही सोयच निघून जाते.

चॅनल आडवा आहे का हे पाणसळीने बघा, आणि डावा-उजवा एकाच उंचीवर आहेत का ते तळापासून टेपने मोजा. पुढच्या कडेपासून दोन्ही सारखेच आत आहेत का, हेही पाहा. चॅनलला भरपूर भोकं असतात, काही गोल, काही लांबट. एका बाजूला चुकीच्या भोकातून स्क्रू गेला की तो चॅनल मागे सरकतो आणि ड्रॉवर तिरका बंद होतो. लांबट भोकं माप जुळवण्यासाठीच दिलेली आहेत: आधी तिथे स्क्रू लावा, ड्रॉवर चालवून बघा, मनासारखं झालं की गोल भोकांतले स्क्रू मारा.

स्क्रूच्या डोक्यांवरून बोट फिरवा. एखादं डोकं पत्र्याच्या वर किंचित आलेलं असेल, किंवा स्क्रू तिरका गेल्याने त्याची एक कड उचललेली असेल, तर सरकणारा भाग नेमका तिथे आपटतो. तिरका स्क्रू काढून भोक बुजवा आणि सरळ मारा. बरोबर आलेल्या स्क्रूच्या जागी हाताशी असलेला जाड डोक्याचा स्क्रू वापरला असेल, तर सगळ्यात आधी तो बदला.

टेलिस्कोपिक चॅनलमध्ये छर्रे एका पट्टीत धरलेले असतात. वापरता वापरता ही पट्टी जागेवरून सरकते आणि ड्रॉवर अर्ध्यावरच उघडतो किंवा पूर्ण बंद होत नाही. ड्रॉवर रिकामा करून एकदा पूर्ण बाहेर ठामपणे ओढा आणि एकदा पूर्ण आत ढकला, पट्टी जागेवर येते. ड्रॉवर काढून परत घालताना ही पट्टी बोटाने अगदी पुढच्या टोकाला आणून ठेवा आणि दोन्ही बाजू एकदम आत सरकवा. पट्टी मागे राहिली असताना ड्रॉवर रेटला तर ती वाकते, छर्रे बाहेर सांडतात आणि तो चॅनल संपला.

शेवटच्या काही सेंटिमीटरला आपोआप हळू बंद होणारे चॅनल असतील आणि ड्रॉवर तिथेच अडत असेल, तर त्या यंत्रणेचा प्लॅस्टिकचा आकडा वेळेआधी सुटलेला असतो. ड्रॉवर एकदा थोडा जोर देऊन पूर्ण आत ढकला, आकडा परत पकडला जातो. त्याला ग्रीस लावू नका.

फिरके झालेले स्क्रू

चॅनल हाताने हलत असेल तर स्क्रू आवळून बघा. नुसताच फिरतो म्हणजे पार्टिकल बोर्डाचं भोक गेलं. दात कोरायच्या लाकडी काड्या पांढऱ्या गोंदात बुडवून भोकात गच्च भरा, पृष्ठभागाशी कापा आणि रात्रभर वाळू द्या. घाईने ओल्या गोंदात स्क्रू मारला तर काहीच धरत नाही. वाळल्यावर मध्यभागी बारीक भोक पाडून मूळ स्क्रू हाताने आवळा. बोर्ड आजूबाजूलाही फुटला असेल तर ती जागा सोडा आणि चॅनलच्या दुसऱ्या भोकातून ताज्या जागी स्क्रू घ्या.

झोल खाल्लेला तळ

ड्रॉवरचा तळ 3 मिमीच्या हार्डबोर्डचा असेल आणि वर जड वस्तू ठेवल्या असतील, तर तो मध्ये लोंबतो आणि खाली घासतो. कधी बाजूच्या फळ्या बाहेर फाकतात आणि तळ खाचेतून सुटतो. तळ बाहेर काढा, पालथा करून घाला, म्हणजे झोल वर येतो. चारही खाचांत पांढरा गोंद भरा, कर्ण मोजून ड्रॉवर गुण्यात आणा आणि दोरीने आवळून वाळू द्या. जास्त बळकटी हवी तर आतून दुसरा पातळ थर चिकटवा. खाली जागा असेल तरच मधोमध लाकडी पट्टी चिकटवता येते, आधी मोजा. जड सामान खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, त्याने कपाटही स्थिर राहतं.

फुगलेलं लाकूड

दमट हवेत भरीव लाकूड फुगतं आणि हवा कोरडी झाली की पुन्हा आकसतं. ओल लागून फुगलेला पार्टिकल बोर्ड मात्र मूळ जाडीवर येत नाही. म्हणून भरीव लाकडाचा ड्रॉवर अडत असेल तर घासण्याआधी त्याला कोरड्या, हवेशीर जागी ठेवून बघा. दमट दिवसांत घासून बसवलेला ड्रॉवर कोरड्या दिवसांत खुळखुळतो.

घासायचंच असेल तर फक्त खडूची खूण पुसली गेली तिथे. 120 नंबरचा काचपेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, नंतर 180. थोडं घासा, ड्रॉवर घालून बघा, परत थोडं. लॅमिनेटच्या कडेवर बाहेरच्या दिशेने घासू नका, टवके उडतात. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफची धूळ फार बारीक असते, तोंडाला मास्क लावा आणि खिडकी उघडी ठेवा. उघडा पडलेला भाग वॉर्निश किंवा रंग लावून बंद करा, नाहीतर तो आणखी ओल ओढून घेतो.

लाकडावर लाकूड सरकणाऱ्या ड्रॉवरला मेणबत्ती चोळा, दोन्ही घासणाऱ्या बाजूंना. साबण नको, तो ओल धरतो.

आता तेल

चॅनलमध्ये जोडणीच्या वेळचा भुसा आणि केस अडकलेले असतात. ते कोरड्या ब्रशने आणि कापडाने काढा, मग छर्ऱ्यांच्या वाटेवर सिलिकॉनचा हलका फवारा कापडावर घेऊन पुसा. खाद्यतेल कधीच नको: ते चिकट होतं आणि धूळ धरून आणखी जड चालतं. प्लॅस्टिकच्या चाकांना फक्त स्वच्छता पुरते.

परत बसवताना

ड्रॉवर रिकामा घालून आधी चालवा, मग नेहमीचं सामान भरून. दर्शनी फळी शेजारच्या फळीला घासत असेल तर तिचे आतले स्क्रू किंचित सैल करा. तिथली भोकं बहुतेकदा स्क्रूपेक्षा मोठी ठेवलेली असतात, त्यामुळे फळी एखाद-दोन मिलिमीटर सरकवता येते. चहूबाजूंनी 2 ते 3 मिमीची सारखी फट ठेवा. ती मोजायला त्या जाडीचा पुठ्ठा फटीत धरून स्क्रू आवळा.

इतकं करूनही एक बाजू जड चालत असेल, तर तो चॅनल वाकलेला आहे. सपाट टेबलावर ठेवून त्याला हलवून पाहा. डुलला तर तो सरळ करण्यात वेळ घालवू नका. नवा घेताना बंद अवस्थेतली लांबी, उंची आणि जाडी ही तिन्ही मापं लिहून न्या, आणि दोन्ही बाजूंचे एकाच जोडीतले बदला. जुना आणि नवा एकत्र लावले की दोन्ही बाजू वेगवेगळ्या ताकदीने सरकतात आणि ड्रॉवर पुन्हा तिरका होऊ लागतो.